लोकांसमोर बोलायच्या भीतीसाठी ऑनलाइन समुपदेशन घेतलं, त्याचा रिव्ह्यू

चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो आणि त्यापायी चालून आलेली संधी सोडून देतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) पद्धतीचं समुपदेशन घेतलं, व्हिडिओ कॉलवर, आणि आधीच सांगते की घ्या, नक्की घ्या, पण होमवर्क करायची तयारी असेल तरच.

मला वाटलेलं आत्मविश्वास ठेवा, सकारात्मक विचार करा असलं काहीतरी ऐकायला मिळणार. तसं काहीच नाही. समुपदेशक मॅडमनी पहिल्याच सेशनला विचारलं की तुम्ही काय काय टाळता? म्हणजे भीती कसली वाटते हे नंतर, आधी टाळता काय ते सांगा. मग यादी निघाली, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवणं, फोन करायच्या ऐवजी मेल टाकणं, शंका असली तरी न विचारणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे टीम लीडची पोस्ट नाकारणं कारण त्यात दर आठवड्याला प्रेझेंटेशन द्यायचं होतं. प्रत्येक गोष्टीला ० ते १०० मध्ये मार्क द्यायचे, किती त्रास होतो त्याचे, आणि कमी मार्कांच्या गोष्टीपासून एकेक मुद्दाम करत वर चढत जायचं. यालाच एक्सपोजर म्हणतात. पद्धत जुनी आहे, १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच घालवली होती, तो आवडीचं खात असताना ससा लांबून थोडा थोडा जवळ आणत.

टाळल्याने भीती वाढते हे मला इथे कळलं. टाळलं की त्या क्षणी एकदम सुटल्यासारखं वाटतं ना, तिथेच घोळ होतो, मेंदू समजतो की आपण वाचलो ते टाळल्यामुळेच, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात घाबरवतो. आणि खरंच काय झालं असतं ते कधी कळतच नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो त्यांचा फॉर्म. बोलायच्या आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय आणि त्याची किती टक्के खात्री आहे. मी लिहिलेलं की आवाज थरथरेल, सगळे एकमेकांकडे बघतील, साहेब म्हणतील हिला काही येत नाही, खात्री ९० टक्के. मीटिंग झाल्यावर त्याच्याच खाली लिहायचं की प्रत्यक्षात काय झालं. आवाज थरथरला, हो. पण एकाने मागच्या महिन्याचा आकडा विचारला, मी सांगितला, आणि लोक पुढच्या विषयावर गेले, बस्स एवढंच. मॅडम "बघा, उगाच घाबरत होतात" असं म्हणाल्या नाहीत हे मला फार आवडलं, त्यांनी फक्त दोन्ही भाग मोठ्याने वाचायला लावले.

नंतरची कामं अवघड होती. अख्खं भाषण लिहून वाचून दाखवायची सवय सोडायला लावली, कारण तोही एक आडोसाच असतो. एकदा वाक्याच्या मध्येच मुद्दाम पाच सेकंद थांबायला सांगितलं, बोलताना अक्षरशः जीव जात होता, आणि रेकॉर्डिंग पाहिलं तर ते साधं श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. छातीत धडधडण्याचीच भीती वाटते म्हणून सेशनमध्ये जागेवर पळायला लावलं, की धडधड म्हणजे संकट नाही हे शरीरालाही कळू दे.

न आवडलेलं म्हणजे त्यांचं अ‍ॅप, फॉर्म भरताना मध्येच बंद पडतं आणि लिहिलेलं सगळं जातं. आणि दोन सेशनच्या मधल्या दिवसांत काही विचारायचं असेल तर उत्तर उशिरा येतं, नेमकी तेव्हाच गरज असते.

भीती शून्य झाली का? नाही. अजूनही सुरुवातीची दोन मिनिटं हात गार पडतात. मॅडमनी तसं आधीच सांगितलेलं की मध्ये बरेच दिवस बोलला नाहीत तर भीती परत डोकं वर काढेल, तेव्हा घाबरून थांबू नका, पुन्हा खालच्या पायरीपासून सुरू करा. त्यामुळे ती परत आली तरी सगळं फुकट गेलं असं वाटलं नाही. टीम लीडसाठी या वेळी मी स्वतःहून नाव दिलंय.

एक मात्र लक्षात ठेवा, घरात कोणी मारहाण करत असेल किंवा खरंच धोका असेल तर ती भीती बरोबर आहे, तिथे आधी सुरक्षित होण्यासाठी मदत घ्या. झोप उडालीय, जगणंच नको वाटतंय असं असेल तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि समुपदेशक निवडताना पहिल्याच कॉलला विचारा की एक्सपोजर करून घेता का आणि दोन सेशनच्या मध्ये काय काम देता. याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे बघा.