लिनक्सवर इंटेल ग्राफिक्स: 'इंटेल' ड्रायव्हर की 'मोडसेटिंग'?

डेस्कटॉपवर लिनक्स टाकल्यावर एक्सऑर्गसाठी (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, म्हणजेच एक्स सर्व्हर) वेगळा 'इंटेल' ड्रायव्हर घ्यावा की सोबत आलेला 'मोडसेटिंग' ठेवावा, यात बरेच जण अडकतात. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) आय९१५ हा ग्राफिक्स ड्रायव्हर दोन्हींखाली सहसा तोच असतो. फरक फक्त वरच्या थरात.

खटाटोप: मोडसेटिंग २०१५पासून एक्स सर्व्हरमध्येच आहे, वेगळं काही करावं लागत नाही. इंटेल ड्रायव्हरसाठी पॅकेज टाकून बहुधा कॉन्फिग फाइलही लिहावी लागते.

देखभाल: माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. इंटेल ड्रायव्हरची २.९९.९१७ ही चाचणी आवृत्ती २०१४ची, आणि ३.० कधी आलीच नाही. कंपनीचं नाव पाहून तोच चांगला समजू नका. नव्या चिपवर त्याने स्क्रीनवरचं चित्र बिघडू शकतं.

व्हिडिओ: चित्र मधूनच आडवं फाटत असेल, तर इंटेल ड्रायव्हरमधला 'टिअरफ्री' हा पर्याय खरोखर उपयोगी आहे. मोडसेटिंगमध्ये हे काम सहसा कंपोझिटरवर (खिडक्यांची चित्रं एकत्र जोडणारा प्रोग्राम) सोपवतात.

कोअर आय मालिकेचा प्रोसेसर असेल तर मोडसेटिंगच ठेवा. जीएमए ९५०सारखी जुनी चिप असेल तर इंटेल वापरून पाहा. वेलँडवर (एक्सऑर्गऐवजी वापरली जाणारी नवी पद्धत) असाल तर दोन्हींची गरज नाही.