घासलेला ग्रब स्क्रू आणि वेराचा हेक्स-प्लस ॲलन की संच

रिमोटवर चालणाऱ्या १/८ मापाच्या रेसिंग बग्गीचे चाक थेट एक्सलवर बसत नाही. एक्सलमधून आरपार एक पिन जाते, त्या पिनवर १७ मिलिमीटरचा षट्कोनी हब बसतो, हबवर चाक चढते आणि बाहेरून बारीक आट्यांचा मोठा नट लागतो. पिन सरकून बाहेर येऊ नये म्हणून हबमध्ये एक बिनडोक्याचा लहानसा स्क्रू असतो, त्याला ग्रब स्क्रू म्हणतात. माझ्या बग्गीत तो ४ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि त्याच्या षट्कोनी खाचेत २ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षट्कोनी टोकाची चावी, लागते. चार चाकांचे असे चार स्क्रू वर्षभर कोणाच्या खिजगणतीत नसतात; बेअरिंग बदलायला बसले की मात्र त्यातला एक हटकून अडून बसतो.

माझा अडला तो मागच्या उजव्या चाकाचा. हातात होती ती कोणत्या तरी स्वस्त संचातली, दोन वर्षे वापरलेली की. जोर दिल्यावर आधी वाटले की स्क्रू सुटला, कारण की अगदी सहज फिरली. पण बाहेर काढून पाहिले तर स्क्रू जागच्या जागी होता आणि खाचेच्या सहा कोपऱ्यांऐवजी जवळजवळ गोल भोक दिसत होते. कीचे टोक भिंगाखाली धरले तेव्हा त्याच्याही कडा झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या. अपराध दोघांचा होता, पण मोठा वाटा माझा, कारण खाच साफ न करताच मी की घुसवली होती. या मापाच्या आखूड ग्रब स्क्रूची खाच जेमतेम दीड ते अडीच मिलिमीटर खोल असते. तिच्या तळाशी ट्रॅकवरची माती बसून घट्ट झालेली असली, तर की निम्मीशीच आत जाते आणि सगळा जोर खाचेच्या तोंडाशी येतो. नंतर शिवणाच्या सुईने कोरले तेव्हा त्या इवल्याशा भोकातून तांबूस मातीची चक्क गोळी निघाली.

तो स्क्रू कसा काढला हे आधी सांगतो, कारण ज्या संचाविषयी मला लिहायचे आहे तो तेव्हा माझ्याकडे नव्हता. २ मिलिमीटरच्या षट्कोनाचे समोरासमोरचे कोपरे एकमेकांपासून सुमारे २.३ मिलिमीटर असतात, म्हणजे पूर्ण गोल झालेल्या खाचेचा व्यास साधारण तेवढा धरता येतो. टी ९ मापाच्या टॉर्क्स बिटचा, म्हणजे सहा पाकळ्यांच्या चांदणीसारख्या टोकाचा, बाहेरचा व्यास अडीच मिलिमीटर असतो, त्यामुळे तो हलकेच ठोकून बसवला की भिंतींत स्वतःची खाच पाडून घट्ट रुततो. त्याआधी सोल्डरिंग आयर्नचे टोक दीडेक मिनिट स्क्रूवर टेकवून ठेवले, कारण आट्यांवर थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू आपोआप ढिला होऊ न देणारा चिकट द्रव, लावलेले होते आणि उष्णतेने त्याची पकड ढिली होते. येथे गॅसची ज्योत वापरण्याचा मोह टाळावा. शेजारीच बेअरिंगचे रबरी सील आणि बेअरिंग धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कॅरिअर असतो. ठोकतानाही हबखाली लाकडाचा ठोकळा घेतला, नाहीतर प्रत्येक घाव बेअरिंगवर बसला असता. पाच-सहा हलक्या टोल्यांनंतर बिट बसला, आणि तो फिरवताच कर्रर असा कोरडा आवाज करत स्क्रू सुटला.

घासलेल्या स्क्रूत भोक पाडून तो बाहेर ओढणारे स्क्रू एक्स्ट्रॅक्टर नावाचे जे हत्यार अशा वेळी सगळे सुचवतात, ते मी मुद्दाम वापरले नाही. ग्रब स्क्रू फार कडक पोलादाचा असतो, साधे ड्रिल बिट त्यावर घसरते, आणि एवढ्या बारीक मापाचा एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर स्क्रूपेक्षाही कडक तुकडा हबमध्ये अडकून बसतो. मग लेथवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

उरलेल्या तीन स्क्रूंसाठी मी वेराचा हेक्स-प्लस संच घेतला. ही जर्मनीतल्या वुप्पर्टालची कंपनी आहे. संचात १.५ पासून १० मिलिमीटरपर्यंत नऊ एल-की, म्हणजे एक भुजा लांब आणि एक आखूड अशा काटकोनात वळवलेल्या ॲलन की, येतात. प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचे आवरण असते आणि लांब भुजेला गोलमुखी, म्हणजे गोळीसारखे गोलसर, टोक असते. रंगांचे मला आधी कौतुक नव्हते. पण दोन शर्यतींच्या मधल्या दहा मिनिटांत, घामेजलेल्या हातांनी २ आणि २.५ यांतली नेमकी की उचलायची असते, तेव्हा कोरलेले आकडे वाचण्यापेक्षा रंग ओळखणे कितीतरी सोपे जाते. अर्धा मिलिमीटर चुकला तरी खाचेचा बळी जातो. इंची मापाची की मिलिमीटरच्या स्क्रूला चालवून घेणारे तर आणखीच फसतात: ५/६४ इंचाची की १.९८ मिलिमीटरची असल्यामुळे २ च्या खाचेत निभावून जाते, पण ३/३२ इंचाची २.३८ मिलिमीटरची असते आणि अडीचच्या खाचेचे कोपरे हमखास खाते.

या संचाचे खरे वैशिष्ट्य टोकाच्या आकारात आहे. साध्या ॲलन कीच्या कडा खाचेच्या भिंतीवर कोपऱ्याजवळ अगदी बारीक रेषेत टेकतात, सगळा जोर त्या रेषेवर एकवटतो आणि धातू तिथेच दबून कोपरा गोल होऊ लागतो. हेक्स-प्लसच्या टोकाला असा घाट दिलेला आहे की रेषेऐवजी पट्टीएवढी जागा भिंतीला टेकते आणि जोर कोपऱ्यापासून दूर, भिंतीच्या सपाट भागावर वाटला जातो. हे वाचायला जाहिरातीसारखे वाटते, म्हणून मी ते माझ्याच बग्गीवर पडताळून पाहिले. पुढच्या डाव्या चाकाचा स्क्रूही त्याच जुन्या कीने निम्मा घासलेला होता. जुनी की त्यात सरळ घसरत होती. खाच सुईने साफ करून, सोल्डरिंग आयर्नने तापवून, वेराच्या २ मिलिमीटरच्या कीची आखूड भुजा तळापर्यंत बसवली आणि लांब भुजेवर सावकाश दाब दिला. न ठोकता, न घसरता स्क्रू निघाला. उरलेल्या दोघांनी तर काहीच कुरकुर केली नाही. मात्र खाच पूर्ण गोल झालेली असेल, तर ही की काहीही करू शकत नाही; टेकायला भिंतच उरली नसेल तर टोकाचा घाट कितीही चांगला असून उपयोग काय?

गोलमुखी टोकाबद्दल एक सावधगिरी हवी. तिरक्या कोनातून सैल स्क्रू भराभर फिरवण्यासाठी ते उत्तम आहे, पण अडलेला स्क्रू सोडवताना ते चुकूनही वापरू नये, कारण त्याचा भिंतीशी संपर्क फार थोड्या जागेवर होतो. नेमकी सोयीची लांब भुजाच गोलमुखी असल्यामुळे हात सवयीने तिकडे जातो. शिवाय शर्यतीच्या जागी एल-कीपेक्षा मुठीचा सरळ ड्रायव्हर वेगवान पडतो. रोजच्या कामासाठी मी अजूनही तोच वापरतो आणि एल-की फक्त पहिला झटका देण्यासाठी बाहेर काढतो.

किंमत हा मात्र विचार करण्याजोगा भाग आहे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात तापडियाचा ॲलन की संच मिळतो, त्याच्या कित्येक पट पैसे यासाठी मोजावे लागतात. ज्याची बग्गी महिन्यातून एकदा गच्चीवर धावते, त्याने देशी संच घ्यावा आणि टोक झिजले की रोटरी टूलच्या कटिंग डिस्कने दोन-तीन मिलिमीटर कापून टाकावे. साध्या कीच्या आखूड भुजेला त्यामुळे पुन्हा धारदार कडा मिळतात. कापताना टोक निळे पडू देऊ नये, मधूनमधून पाण्यात बुडवावे. दर रविवारी बग्गी उघडणाऱ्याला मात्र हा खर्च परवडतो, कारण एक हब, एक एक्सल आणि वाया गेलेली एक शर्यत यांचा हिशेब मांडला की संचाची किंमत तेवढी बोचत नाही.

जुने चारही ग्रब स्क्रू मी फेकून दिले आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून त्याच मापाचे नवे आणले. दुकानदाराने शंभरांखाली द्यायला नकार दिला, त्यामुळे आता माझ्याकडे आयुष्यभर पुरतील एवढे आहेत. आटे स्वच्छ पुसून मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकचा एकच थेंब लावला; लाल थ्रेडलॉक येथे लावणे म्हणजे पुढच्या वेळची कटकट आजच विकत घेणे होय. मग खाचांच्या तोंडांवर थोडे ग्रीस भरले, म्हणजे माती आत जाऊन घट्ट बसत नाही आणि कापडाने पुसताच निघते.

संचातल्या ८ आणि १० मिलिमीटरच्या कीला बग्गीत काहीच काम नाही. ८ ची मुलीच्या सायकलच्या क्रँकला लागली. १० ची अजून कोरीच आहे. २ मिलिमीटरची सुटी की दुकानात मिळाली असती, तर मी एवढा संच घेतलाच नसता.