बोलका बोका की मुका कुत्रा?

जिम डेव्हिस यांच्या कॉमिक स्ट्रिपमधला गार्फील्ड बोका १९७८पासून विचारांच्या फुग्यांतून बोलतोय. त्याचा मालक जॉन याला ते ऐकू येत नाही, आपल्याला येतं. अर्धमिटल्या डोळ्यांचं चित्र साथ देतं, पण हशा पिकतो तो बहुतेकदा वाक्यावर.

अलेक्झांड्रा डे यांच्या १९८५च्या ‘गुड डॉग, कार्ल’ या चित्रपुस्तकात नेमकं उलट. कार्ल या रॉटवायलर कुत्र्याला बाळ सांभाळायला सांगून आई बाहेर जाते आणि मग पानंच्या पानं शब्दच नाहीत. बाळ कार्लच्या पाठीवर बसून घरभर हिंडतं, माशांच्या टाकीतही डुंबतं! शेवटी कार्ल त्याला आंघोळ घालून सगळं आवरून ठेवतो. परतलेली आई शाबासकी देते. तिला काहीच ठाऊक नसतं, म्हणून तेवढेच शब्द पोट धरून हसवतात. मला कार्लच जास्त आवडतो. अक्षरओळख नसलेलं मूलही तो एकट्याने ‘वाचू’ शकतं.