पोलिश आडनावं शोधायची साधनं: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

गेले बरेच महिने रात्री जेवणं उरकली की तास-दीड तास मी पोलिश आडनावांमागं असतो, आणि आता या साधनांबद्दल सविस्तर लिहावं म्हणतोय, कारण आमच्या कोल्हापूरकडं तरी याचा कुणाला ना कुणाला उपयोग होईल. कोल्हापूर कशाला मध्ये आलं, तर वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पंचगंगेकाठी वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती, १९४३ ते १९४८, जवळपास ५ हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. शहरात त्यांच्या कबरी आहेत, महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तिकडं वॉर्सातसुद्धा कोल्हापूरचं स्मारक आहे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा सगळ्या चॅनलवर दाखवलं. पण या माणसांची आडनावं मुळात कुठली, आज ती किती लोक लावतात, हे आपल्याकडं कुणी फारसं बघत नाही. मला ते बघायचं होतं.

थेट अनोळखी आडनावावर उडी घ्यायची नाही असं ठरवलं. एखादं दुर्मिळच पण ज्याचा इतिहास पक्का माहीत आहे असं आडनाव घ्यायचं, प्रत्येक साधनावर ते घालायचं आणि उत्तर बरोबर येतंय का बघायचं. मी घेतलं स्क्वोदोव्स्की. मादाम क्युरींचं माहेरचं आडनाव, मारिया स्क्वोदोव्स्का. आपल्या पुस्तकात स्क्लोडोव्हस्का छापतात, पण तिथं जे एल आहे त्याला आडवी रेघ असते आणि उच्चार व होतो. ही रेघ विसरू नका, पुढं सगळीकडं ती आडवी येते.

पहिलं साधन पेसेल. पेसेल म्हणजे पोलंडची लोकसंख्या नोंदणी, आपलं आधार असतं तसा तिथं प्रत्येकाला नंबर. त्यातून आडनावांची यादी सरकार दरवर्षी खुल्या डेटाच्या पोर्टलवर टाकतं, स्प्रेडशीट फाइल, फुकट, लॉगिन नाही काही नाही. पुरुषांची यादी वेगळी, बायकांची वेगळी, आणि प्रत्येक आडनावापुढं किती माणसं ते. सगळ्यात वर नोवाक, दोन्ही याद्या मिळून साधारण २ लाख. त्याखाली कोवाल्स्की आणि कोवाल्स्का मिळून सव्वा लाखाच्या वर. स्क्वोदोव्स्कीपर्यंत यायला मात्र खूप खाली स्क्रोल करावं लागतं, म्हणून सरळ सर्च करा. इथं लक्षात ठेवायची गोष्ट अशी की स्की पुरुषाचं आणि स्का बाईचं, त्यामुळं एकाच यादीत बघून आकडा घेतला तर अर्धीच माणसं हातात येतात, दोन्ही आकडे बेरीज करायचे. नोवाकसारखी आडनावं मात्र दोघांची सारखीच, फक्त दोन फायलींत विभागलेली.

पेसेलचा आकडा एकदम ताजा आणि भरवशाचा, पण तो आज तिथल्या नोंदणीत असलेल्या जिवंत माणसांचा आहे हे डोक्यात ठेवूनच वापरावा. वळिवड्याहून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेलेल्यांची नातवंडं त्यात सहसा नसणार. म्हणजे यादीत आडनावापुढं चाळीस माणसं दिसली म्हणून जगात चाळीसच आहेत असं धरून चालायचं नाही.

दुसरं, क्राकूवच्या पोलिश भाषा संस्थेचा आडनावांचा इंटरनेट कोश. हा माझा सगळ्यात आवडता. आडनाव टाकलं की ते कशापासून आलं, जुन्या कागदांत कुठं सापडतं, आज कुठल्या भागात दाट आहे, सगळं एका पानावर आणि अभ्यासकांनी लिहिलेलं. सगळी आडनावं अजून त्यात नाहीत. नसेल तर काझिमिएश रिमुत यांचा कोश गाठायचा. या माणसानं १९९० च्या सुमाराची पेसेलची नोंदणी घेऊन त्या वेळी वापरात असलेली आडनावं दहा खंडांत मांडली, १९९२ ते १९९४ मध्ये छापली, प्रत्येक आडनावापुढं एकूण संख्या आणि कुठल्या व्होयव्होदशिपमध्ये किती ते. व्होयव्होदशिप म्हणजे आपला प्रांत म्हणा. फक्त ते प्रांत जुने ४९ आहेत, १९९९ पासून १६ झाले, त्यामुळं आजच्या नकाशाशी ताडताना शेजारी जुना नकाशा उघडून ठेवायलाच लागतो, नाहीतर आडनाव सरकल्यासारखं वाटतं आणि खरं तर सीमा सरकलेली असते.

आता मुळाचं. पोलिश आडनावात स्की बघितलं की बहुतेक वेळा मागं गाव शोधायचं, आपल्याकडं कर असतं तसंच. स्क्वोदोव्स्कीचं गाव स्क्वोदी. माझोविया प्रांताच्या ईशान्य टोकाला, झारेंबी कोश्चेल्ने या गावाच्या आसपास. आणि इथं खरी मजा आहे, कारण स्क्वोदी हे एक गाव नाहीच, गावांचा झुबका आहे, स्क्वोदी-प्योत्रोवित्से, स्क्वोदी-स्ताखी, स्क्वोदी श्रेद्न्ये. नकाशावर झूम करून बघा, एकमेकांना लागून बारकी बारकी गावं, पहिला शब्द सगळ्यांना तोच आणि दुसरा वेगळा. प्योत्रोवित्सेमध्ये प्योत्र आहे, स्ताखीमध्ये स्ताख आहे, म्हणजे माणसांची नावं. या भागात बारीक जमीनदारांची, त्यांच्या भाषेत श्लाख्ता, वस्ती फार दाट होती. पोलंडभर हा वर्ग लोकसंख्येच्या ८ ते १० टक्के धरतात, माझोवियाच्या या पट्ट्यात त्याहून बराच जास्त. कुळं राबवणारे बडे सरदार नव्हेत हे, मान उमरावाचा, कुळचिन्ह आहे, स्क्वोदोव्स्कींचं दोवेंगा, पण नांगर स्वतःच धरायचा. पोरांत वाटण्या झाल्या की वस्ती फुटायची, नवी वस्ती कुठल्या भावाची ते नावात चिकटायचं.

म्हणून अशा गावांत निम्मा गाव एकाच आडनावाचा. आणि म्हणूनच दुर्मिळ आडनाव म्हणजे शोधायला सोपं हा समज या पट्ट्यात टिकत नाही. देशभरात आडनाव कमी असेल, पण त्या चार गावांच्या चर्चच्या वहीत पानोपानी तेच, वर बाप्तिस्म्याची नावंही तीच तीच, यान, यूझेफ, स्तानिस्वाव. मग वेगळं कसं ओळखायचं, तर काही घराण्यांना आडनावाशिवाय एक टोपणनाव असायचं, प्शिदोमेक म्हणतात, ते कुठल्या नोंदीत आलंय का बघायचं, आणि बाईचं माहेरचं आडनाव पकडायचं. माझ्या मते माहेरचं आडनाव हा सगळ्यात पक्का धागा, तो धरला की बाकीचा गुंता सुटत जातो.

हे सगळं जिथं करता येतं ते म्हणजे जेनेतेका. पोलिश वंशावळ सोसायटीचं हे काम, स्वयंसेवकांनी चर्चच्या आणि नोंदणी कार्यालयाच्या वह्या वाचून कोट्यवधी नोंदींची सूची केलीय आणि वापरायला एक पैसा लागत नाही. खरंच सांगतो, एवढी मेहनत करून फुकट देणाऱ्या लोकांना मनापासून नमस्कार. प्रांत निवडायचा, आडनाव टाकायचं, जन्म, लग्न, मृत्यू असे तीन भाग येतात, प्रत्येक ओळीत वर्ष, नोंद क्रमांक, नाव, आईबापाची नावं, चर्चचं गाव, आणि पुष्कळदा मूळ पानाच्या फोटोची लिंक. वॉर्सा वेगळं निवडावं लागतं, आणि युक्रेन, बेलारूस, लिथुआनियाही वेगळे आहेत, हे वळिवड्याच्या आडनावांसाठी फार महत्त्वाचं. एक चर्च निवडल्यावर १५ किलोमीटरच्या आतल्या शेजारच्या चर्चमध्येही शोध असा पर्याय आहे, तो कायम चालू ठेवा, लग्नं शेजारच्याच गावात व्हायची. आधी साधा शोध करा म्हणजे मिळतीजुळती स्पेलिंगही येतात, मग अगदी तंतोतंत शोधाची खूण करून गर्दी कमी करा.

रिकामा निकाल आला तर आडनावच नव्हतं असं समजू नका. आधी त्या चर्चची कुठल्या वर्षांची सूची झालीय ते बघा, प्रत्येक चर्चपुढं वर्षं दिलेली असतात. कित्येक वह्या राहिल्यात, आणि वॉर्साच्या तर १९४४ मध्ये पुष्कळ जळूनच गेल्या. जन्माच्या नोंदी १०० वर्षं आणि लग्न-मृत्यूच्या ८० वर्षं झाल्यावरच अभिलेखागारात जातात, त्यामुळं अलीकडचं काही मिळणार नाही, कायदाच तसा आहे.

मूळ पानांसाठी सरकारी अभिलेखागारांची साइट, शुकाय व आर्खिवाख. फोटो मोठा करून वाचता येतो, डाउनलोड फुकट. मोबाइलवर कंटाळा येतो, लॅपटॉपच घ्या. भाषेची तयारी मात्र लागते, कारण पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटलेला होता. रशियाच्या भागात, म्हणजे आपल्या स्क्वोदीच्या भागात, १८६८ पर्यंत नोंदी पोलिशमध्ये, त्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंत रशियनमध्ये. ऑस्ट्रियाच्या भागात लॅटिनमध्ये तक्ते. प्रशियाच्या भागात १८७४ नंतर जर्मन सरकारी नोंदणी. मारिया स्क्वोदोव्स्का वॉर्सात ७ नोव्हेंबर १८६७ ला जन्मली, म्हणजे पोलिश नोंदींच्या अगदी शेवटच्या दिवसांत, तिचंच कुणी धाकटं भावंड असतं तर त्याची नोंद रशियन लिपीत झाली असती. असं काही लक्षात आलं की मला तो काळ एकदम समोर दिसतो, पुस्तक वाचून तसं होत नाही.

पोलिश नोंद वाचायला वाटते तेवढी अवघड नाही, साचा ठरलेला. ‘अमुक गावी घडले, अमुक दिवशी’ अशी सुरुवात, मग बाप हजर झाला, त्याचं वय, धंदा, गाव, बरोबर दोन साक्षीदार, मग मूल दाखवलं, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, आकडे सगळे अक्षरात. धंद्याच्या जागी काय लिहिलंय ते नीट वाचा. शेतकरी, मजूर, की जमिनीच्या तुकड्याचा वारस. हा तुकड्याचा वारस शब्द दिसला की समजायचं बारीक श्लाख्ता. रशियन नोंदीत तारखा दोन असतात, जुनं पंचांग आणि नवं, एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचा फरक, १९०० नंतर १३.

ब्राउझरचं आपोआप भाषांतर बंद ठेवा, ते गावांची आणि माणसांचीही भाषांतरं करून टाकतं आणि कोवालचा लोहार होऊन बसतो.

पैसे भरून घेतलेल्या एका परदेशी साइटबद्दलही लिहितो, नाव घेत नाही. वर्षाची वर्गणी बरीच आहे. तिथं रेघेचा एल साधा झाला, स्क्वोदोव्स्की, स्क्वादोव्स्की, अगदी सोकोवोव्स्कीपर्यंत सगळे एकात मिसळले आणि वर ‘तुमचे संभाव्य नातेवाईक’ म्हणून मेल यायला लागल्या, मला पोलिश नातेवाईक कुठून येणार. आडनावाचा अर्थ म्हणून जे छापून देतात त्यात ‘स्कीने संपणारं उमराव घराणं’ एवढंच, आणि ते तर अर्धवट आहे, कारण पुढं शहरी लोकांनी, शेतकऱ्यांनीही स्की लावायला सुरुवात केली होती. पोलंडपुरतं बोलायचं तर त्यात पैसे घालू नका. अमेरिकेला जहाजानं गेलेल्यांच्या प्रवासी याद्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी.

वळिवड्याच्या आडनावांवर हे सगळं चालवायचं तर अजून दोन गोष्टी लागतात. ही माणसं बहुतेक पूर्व पोलंडची, १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौज आली, फेब्रुवारी १९४० पासून त्यांना मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेलं, १९४१ च्या जुलैत पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार झाल्यावर सुटका, मग इराणमार्गे इकडं. त्यांची गावं आता युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात. ल्वूव, म्हणजे आता युक्रेनमधलं ल्विव, तिथल्या आर्चबिशपच्या हाताखालच्या चर्चच्या बऱ्याच वह्या वॉर्सातल्या जुन्या कागदपत्रांच्या मुख्य अभिलेखागारात आहेत, तिथं बघा. आणि हद्दपार झालेल्यांची ऑनलाइन सूची आहे, दडपशाहीला बळी पडलेल्यांचा इंडेक्स, त्यात नाव, बापाचं नाव, जन्मवर्ष आणि कुठं पाठवलं होतं ते मिळतं. वाचताना जीव गलबलतो, एकाच आडनावाखाली आई आणि ओळीनं पोरं.

अशा आडनावाचा आजचा नकाशा बघितला तर रंग पश्चिमेला, व्रोत्सवाफ, श्चेचिनकडं दाट दिसू शकतो. मूळ तिथलं नसतं. १९४५ नंतर सीमा सरकल्या आणि पूर्वेकडच्या पोलिश लोकांना जर्मनांनी सोडलेल्या भागात वसवलं, त्याचा तो ठसा. स्क्वोदोव्स्कीसारख्या माझोवियाच्या आडनावाला आजचा नकाशा मुळाकडं नेऊ शकतो, पूर्वेकडच्या आडनावाला तो फसवतो. म्हणून नकाशा बघायच्या आधी घराणं कुठल्या भागातलं ते ठरवा.

कबरीवरची किंवा जुन्या यादीतली बायकांची नावं घेताना शेवट तपासा. नोवाकची बायको नोवाकोवा, मुलगी नोवाकूव्ना, आणि सर्च करायचं नोवाक. स्पेलिंगचंही तसंच. आपल्या औंध संस्थानच्या स्वराज्याच्या घटनेत ज्यांचा हात होता ते मॉरिस फ्रीडमन, मूळचे वॉर्सातले ज्यू, त्यांचं आडनाव पोलिश पद्धतीनं वाय घालून लिहितात आणि जर्मन पद्धतीनं आयई घालून, डेटात ती दोन वेगळी आडनावं. ज्यू आडनावांचा काळही वेगळा, ऑस्ट्रियात १७८७, प्रशियाच्या भागात १७९७, वॉर्साच्या बाजूला १८२१ च्या हुकमानं पक्की आडनावं लावायला लागली, त्याच्या आधीच्या काळात आडनाव घेऊन शोधायला गेलं तर सहसा हाती काही लागत नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी पेसेल, मग क्राकूवचा कोश, मग जेनेतेका, या क्रमानं जा, आणि बाजूला एक वही ठेवून प्रत्येक नोंदीचा क्रमांक, वर्ष आणि चर्चचं गाव लिहीत चला. वळिवड्यात राहिलेल्या कुणाचं आडनाव घरच्या जुन्या फोटोमागं किंवा पत्रावर लिहिलेलं असेल तर रेघा, शेपट्या, टिंबं जशीच्या तशी उतरवून घ्या, नुसतं इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर शोधताना दोन-तीन वेगळी आडनावं एकच दिसायला लागतात.