सरकारला माल थेट द्यायचा की ठेकेदारामार्फत?

छोट्या कारखानदाराकडे सरकारी काम दोन वाटांनी येतं. एक, जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) किंवा निविदेत स्वतः उतरून. दुसरी, ज्याला काम लागलंय त्या मोठ्या ठेकेदाराला माल पुरवून.

थेट वाटेवर नियम तुमच्या बाजूचे आहेत. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. 358 वस्तू तर त्यांच्यासाठीच राखीव. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकाला बयाणा, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत रक्कम, माफ असते. सर्वात कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि तुमचा त्याहून 15 टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर त्या दराला येऊन ऑर्डरचा काही भाग घेता येतो. पण तो दर परवडतो का, हे निविदा भरण्याआधीच मांडून बघा. बयाणा माफ असला तरी काम लागल्यावर सुरक्षा ठेव सहसा भरावी लागते. तिथे बरेच जण अडकतात.

ठेकेदाराकडे ही कटकट नाही, दर मात्र पडेल. त्याहून मोठं नुकसान नावाचं. पुढच्या निविदेत अनुभवाचा दाखला मागतात आणि तो असतो ठेकेदाराच्या नावावर.

पैशांचं काय? माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे देण्याची कायदेशीर मर्यादा सरकारी खातं आणि ठेकेदार दोघांनाही आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. ‘सरकारकडून आले की देतो’ ही सबब कायद्यात बसत नाही. उलट ठेकेदाराने मुदत चुकवली, तर पैसे देईपर्यंत त्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. सरकारी खात्याला आयकरच नसल्याने हा दट्ट्या तिथे चालत नाही.

म्हणून तीन-चार महिने पैसे अडकले तरी तग धरेल एवढं खेळतं भांडवल असेल, तर थेट उतरा, सुरुवात लहान ऑर्डरने करा. नसेल तर आधी ठेकेदार बरा. वाट कुठलीही असो, उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीच हवी. माल उतरला की डिलिव्हरी चलनाच्या आपल्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. त्या तारखेपासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. आणि ठेकेदाराशी करार करताना पुरवठ्याचा दाखला तुमच्या नावाने देण्याची अट त्यात लिहून घ्या.