अल्फाफोल्ड सर्व्हर: कामाला पाच तारे, नियमांना अडीच

एमएस्सीच्या मुलांना प्रोटीनची रचना शिकवताना मी अल्फाफोल्ड सर्व्हर वापरते, म्हणजे अमिनो ॲसिडच्या क्रमावरून प्रोटीनचा आकार वर्तवणारी गुगल डीपमाइंडची वेबसाइट. फुकट आहे, गुगलचं खातं लागतं आणि आमच्या धुळ्याच्या लॅबमधल्या जुनाट कॉम्प्युटरवरही चालतो, कारण आकडेमोड सगळी तिकडेच होते. हिमोग्लोबिन घ्या. अल्फा साखळीचा सीक्वेन्स (अमिनो ॲसिडचा क्रम) पेस्ट करा, प्रती 2. बीटा, प्रती 2. लिगंडच्या, म्हणजे प्रोटीनला चिकटणाऱ्या छोट्या रेणूंच्या, यादीतून ऑक्सिजन धरणारा हीम, 4. थोड्या वेळात अख्खा रेणू स्क्रीनवर हवा तसा फिरवता येतो. गडद निळा भाग खात्रीचा, पिवळ्या-नारिंगीवर भरवसा ठेवायचा नाही. हे रंग मुलांना आधी पाठ करून घ्यावेत, नाहीतर ती नारिंगी शेपटावरही प्रोजेक्ट लिहितील.

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार नंदुरबारकडच्या मुलांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही, तो आजूबाजूलाच दिसतो. त्यातला बदल, म्हणजे बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, टाकून पाहिला तर चित्र जवळपास तेच येतं. यात नवल नाही. एकटा रेणू खरंच फारसा बदलत नाही, ऑक्सिजन सुटल्यावर रेणू एकमेकांना चिकटतात तिथे आजार सुरू होतो. एका अक्षराच्या बदलाचा परिणाम सांगणं हे या सर्व्हरचं काम नव्हे.

आता नियम. व्यावसायिक वापर बंद, निकाल डॉकिंगला (औषधाचा रेणू प्रोटीनला कसा चिकटेल हे कॉम्प्युटरवर तपासायला) वापरणं बंद, त्यावर दुसरं तसलं मॉडेल शिकवणं बंद. मे 2024 मध्ये या सर्व्हरमागच्या अल्फाफोल्ड 3 या मॉडेलचा पेपर 'नेचर'मध्ये कोडशिवाय छापला गेला, तेव्हा हजारावर शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. नोव्हेंबरात कोड आला, पण मॉडेलचे वेट्स (प्रशिक्षणातून तयार झालेले आकडे, ज्यांच्याशिवाय ते चालत नाही) अर्ज केल्यावर, तेही शैक्षणिक कामापुरतेच. जैवसुरक्षेसकट 50हून जास्त तज्ज्ञांशी बोललो, असं डीपमाइंड सांगते. बोलले असतील. पण बाहेरच्या औषध कंपन्यांना मज्जाव करण्यात सुरक्षा कुठली? आयसोमॉर्फिक लॅब्ज ही त्यांच्याच घरची औषध कंपनी आहे. हा सरळ धंदा आहे, आणि तसं म्हणायला हरकत नव्हती.

अशा मॉडेलच्या गैरवापराचा धोका मात्र खोटा नाही. 2022 मध्ये औषधं शोधणारं एक मॉडेल संशोधकांनी मुद्दाम उलटं चालवलं, तर सहा तासांच्या आत घातक ठरू शकतील अशा 40,000 रेणूंची यादी निघाली, त्यात व्हीएक्स हा विषारी नर्व्ह एजंटही. तेव्हा लगाम हवाच, प्रश्न कुठे लावायचा एवढाच. मार्च 2024 मध्ये डेव्हिड बेकर आणि इतर प्रोटीन-डिझाइनवाल्यांनी (नवी प्रोटीन्स रचणाऱ्या शास्त्रज्ञांनी) एआय जबाबदारीने वापरण्याचा वचननामा काढला, 170हून जास्त सह्या झाल्या. त्यातलं एक कलम मला सगळ्यात पटतं: ऑर्डर धोक्याची नाही ना हे तपासणाऱ्या कंपनीकडूनच डीएनए विकत घ्यायचा. स्क्रीनवरचं प्रोटीन कुणाला चावत नाही, ते बनवायला बाटलीतला डीएनए लागतो. एव्हो 2 या डीएनएवर शिकवलेल्या मॉडेलवाल्यांनी माणूस, प्राणी, वनस्पतींना होणारे विषाणू प्रशिक्षणातूनच वगळले. चांगलं केलं, पण तेही त्यांनी आपल्या मर्जीने.

कंपनीत काम करणाऱ्यांनी एमआयटीचं बोल्ट्झ-1 हे अल्फाफोल्ड 3 सारखंच मॉडेल पाहावं, लायसन्स मोकळं आहे. त्याला चांगला जीपीयू (जड आकडेमोडीची चिप) लागतो, तो आमच्याकडे नाही. त्यामुळे आमची मुलं याच सर्व्हरवर. फक्त प्रॅक्टिकलच्या आधी नियमांचं पान वाचून सही करायची, असं मी या सत्रापासून लावलंय.