महागडा चढाईपटू की महागडा कोपरारक्षक?

मंडळाच्या कबड्डी लीगसाठी संघ घेताना पैसे कुणावर खर्चायचे, असं पुतण्या विचारत होता. प्रो कबड्डीचा 2023 चा लिलाव बघ, म्हटलं. चढाईपटू पवन सेहरावत 2.605 कोटींना तेलुगू टायटन्सकडे, कोपरारक्षक (बचावाच्या टोकाला उभा राहून पकड करणारा) मोहम्मदरेझा शादलू 2.35 कोटींना पुणेरी पलटणकडे. किमतीत फारसा फरक नाही. पण टायटन्स तळाला आणि पलटण विजेती!

पवन गुण आणतोच. मात्र तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला आत आणायला दुसऱ्या कुणी चढाईत गडी टिपावा लागतो, नाहीतर पकड लागते. शादलू डाव्या कोपऱ्यात घोटा धरायचा, आपला गडी आत यायचा, पलटणचा चढाईपटू अस्लम इनामदार मोकळेपणाने चढाईला जायचा.

दुखापत? 2022 मध्ये पवन पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, तमिळ थलायवाजचे 2.26 कोटी अडकले.

बचाव पक्का असेल तर चढाईपटू घे. पोरं नवखी असतील तर आधी कोपरा भर.